हाड सरळ झालं, चाल मात्र शिकावी लागली

घरातल्या माणसांची पावलं आपल्याला पाठ असतात. जिन्यावरून कोण येतंय, स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत कोण गेलं, हे न बघताही कळतं. पण एखाद्याची चाल बदलते तेव्हा ती एका दिवसात बदलत नाही. ती हळूहळू बदलते आणि आपण सगळे त्या बदललेल्या चालीलाही सरावतो. गुडघेदुखीचं नेमकं असंच होतं. आधी माणूस जरासा कलून चालायला लागतो. मग जिना एकेक पायरी करत, कठडा धरून उतरतो. मग लग्नाला गेल्यावर सगळ्यात आधी खुर्ची शोधतो. आणि एक दिवस घरातलं कोणीतरी म्हणतं, "वय झालं, आता असं चालायचंच."

पण ज्याचं वय अजून झालेलंच नाही, त्याने काय करायचं?

पन्नाशीच्या आसपास असलेल्या, हातात काम असलेल्या आणि "गुडघा बदलावा लागेल" हे ऐकून धास्तावलेल्या माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी मी हे लिहिते आहे. गुडघा न बदलता पायाचं हाड सरळ करून घ्यायची एक शस्त्रक्रिया असते. तिचं नाव हाय टिबियल ऑस्टिओटॉमी, थोडक्यात एचटीओ. माझ्या आईची ती झाली. त्या काळात मी जे वाचलं, डॉक्टरांना विचारून घेतलं आणि घरात रोज डोळ्यांनी बघितलं, ते तुम्हाला सांगते.

झीज एकाच बाजूला

आम्ही बडोद्याला राहतो. आई घरगुती डबे करते. रोज सकाळी २८ डबे, म्हणजे शंभराच्या वर पोळ्या, दोन भाज्या, वरण, भात. पहाटे पाचला ती ओट्यापाशी उभी राहते ती साडेदहापर्यंत. उजवा गुडघा दुखायला लागला तेव्हा ती ४५ची होती. बाम, शेक, गुडघ्याचा पट्टा, तेल, सगळं करून झालं. बावन्नाव्या वर्षी तिला डबे पोचवायला खालच्या मजल्यापर्यंत जाणंही नको वाटू लागलं. चालताना ती उजवीकडे कलायची. मागून पाहिलं तर बोटीत उभं राहिल्यासारखी डुलायची. आणि उजवा पाय हळूहळू फेंगडा झाला होता, धनुष्यासारखा बाहेर वाकलेला.

आमच्या पुण्याच्या मावशीने ६८व्या वर्षी दोन्ही गुडघे बदलून घेतले होते आणि ती मजेत होती. त्यामुळे तिचा सल्ला ठरलेला, "ताई, वाट्या बदलून टाक आणि मोकळी हो." आजी म्हणायची, "आमच्या वेळी कुठे होतं असलं काही? जपून चाल म्हणजे झालं." आईला दोन्ही नको होतं. तिला पहाटे पाचला ओट्यापाशी उभं राहायचं होतं.

ज्या अस्थिरोगतज्ज्ञांकडे आम्ही शेवटी गेलो, त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे आईला दाराबाहेरच्या लांब पडवीत चालायला लावलं आणि मोबाइलवर पुढून आणि मागून त्याचं चित्रण केलं. दुसरी गोष्ट, झोपून काढलेला जुना एक्स-रे बाजूला ठेवून उभ्याने एक्स-रे काढायला सांगितला. तोही फक्त गुडघ्याचा नाही, तर खुब्यापासून घोट्यापर्यंत अख्ख्या पायाचा.

त्या लांबलचक फिल्मवर त्यांनी पट्टी ठेवली. खुब्याच्या सांध्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत रेघ मारली, तर सरळ पायात ती रेघ गुडघ्याच्या जवळपास मधून जाते. आपण उभे असतो तेव्हा शरीराचं वजन साधारण याच रेघेने खाली उतरतं. आईच्या उजव्या पायात ही रेघ गुडघ्याच्या पार आतल्या कडेने चालली होती. गुडघ्याचा आतला भाग, म्हणजे दुसऱ्या गुडघ्याकडची बाजू, झिजून दोन हाडांमधली फट जवळजवळ मिटली होती. बाहेरच्या बाजूची फट मात्र चांगली शाबूत होती.

"बेन, तुमचा अर्धा गुडघा थकलाय. उरलेल्या अर्ध्याला कामच मिळत नाहीये," डॉक्टर म्हणाले. आई पहिल्यांदा हसली.

एका पावलाचं ओझं

इथे थोडं थांबून चालण्याबद्दल सांगायला हवं, कारण या शस्त्रक्रियेचं सगळं गणित चालण्यात आहे.

आपण सपाट रस्त्यावर साधं चालतो तेव्हा प्रत्येक पावलाला गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच पट भार येतो. जिना उतरताना तो तीन पटींच्याही वर जातो. गुडघ्यात मोजमापाचं यंत्र बसवलेल्या रुग्णांवर हे प्रत्यक्ष मोजलेलं आहे. आईचं वजन ६२ किलो. म्हणजे तिच्या एकेका पावलाला गुडघा दीडशे किलोंच्या वर भार झेलत होता. निरोगी गुडघ्यातसुद्धा या भाराचा मोठा वाटा, साधारण ६० ते ७० टक्के, आतल्या बाजूनेच उतरतो. पाय बाहेर वाकला की हा वाटा आणखी वाढतो. भार वाढला की आतली कूर्चा, म्हणजे हाडांवरचं गुळगुळीत आवरण, आणखी झिजतं. ते झिजलं की पाय आणखी वाकतो. पाय वाकला की भार पुन्हा वाढतो. हे चक्र आपोआप थांबत नाही. अमेरिकेत झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की ज्यांचे पाय असे बाहेर वाकलेले होते, त्यांच्या गुडघ्याच्या आतल्या बाजूची झीज दीड वर्षात वाढण्याची शक्यता चौपट होती.

मग ते डुलणं कशासाठी? मला वाटायचं ते दुखण्यामुळे आलेलं लंगडणं आहे. फिजिओथेरपिस्टने वेगळं सांगितलं. दुखऱ्या पायावर उभं राहताना आई धड त्याच बाजूला झुकवायची. त्यामुळे शरीराचं वजन गुडघ्याच्या थोडं बाहेरच्या बाजूला सरकतं आणि आतल्या बाजूवरचा दाब कमी होतो. ती पाऊलही जरा बाहेर वळवून टाकायची, त्यानेही थोडा आराम पडतो. कोणी न शिकवता शरीराने शोधलेली ही पळवाट होती. फक्त तिची किंमत कंबर आणि खुबा मोजत होते. आईची कंबर का दुखायची, त्याचं एक कारण तेव्हा कळलं.

मोबाइलवरच्या चित्रणात आणखी एक गोष्ट दिसली. उजवं पाऊल जमिनीवर टेकलं की त्या क्षणी गुडघा झटकन बाहेरच्या बाजूला ढकलला जायचा आणि परत जागेवर यायचा. नुसत्या डोळ्यांना ते पटकन कळत नाही, पण चित्रण हळू करून पाहिलं की स्पष्ट दिसतं. दिवसभरात हजारो वेळा बसणारा तो एक छोटा धक्काच होता.

हाडात पाचर

सरळ करण्याची ही कल्पना नवीन नाही. इंग्लंडमधल्या जॅक्सन आणि वॉ या शल्यचिकित्सकांनी १९६१ मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी नडगीचं हाड कापून सरळ करण्याबद्दल लिहिलं. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या कॉव्हेंट्री यांनी १९६५ मध्ये आपली पद्धत मांडली. पुढे १९७०च्या दशकापासून सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया सुधारत गेली आणि ही मागे पडली. गेल्या वीसेक वर्षांत स्क्रू घट्ट धरून ठेवणाऱ्या मजबूत प्लेट आल्या, तशी ती पुन्हा पुढे आली.

करतात काय, ते साध्या भाषेत सांगते. गुडघ्याच्या सांध्याला हात लावत नाहीत. सांध्याच्या थोडं खाली, नडगीच्या हाडाला आतल्या बाजूने काप देतात. हा काप आरपार नसतो. बाहेरच्या बाजूला साधारण एक सेंटिमीटर हाड तसंच ठेवतात, ते दाराच्या बिजागरीसारखं काम करतं. मग काप हळूहळू उघडतात आणि पाचरीच्या आकाराची फट तयार होते. आईच्या पायात ती १० मिलिमीटरची होती. फट तशीच राहावी म्हणून बाजूने धातूची प्लेट आणि स्क्रू बसवतात. काही वेळा फटीत हाडाचा चुरा किंवा कृत्रिम हाड भरतात, काही वेळा शरीर स्वतःच ती भरून काढतं. दुसऱ्या एका जुन्या पद्धतीत बाहेरच्या बाजूने हाडाची पाचर काढून घेतात आणि फट मिटवतात. परिणाम तोच, पाय सरळ होतो.

किती सरळ करायचा, हे आधीच त्या लांब एक्स-रेवर मोजून ठरवतात. जपानच्या फुजिसावा यांनी १९७९ मध्ये मांडलेलं एक माप अजून वापरलं जातं. वजनाची रेघ गुडघ्याच्या बरोबर मध्यावर न आणता, आतल्या कडेपासून मोजल्यास साधारण ६२ टक्क्यांवर, म्हणजे जराशी बाहेरच्या बाजूला न्यायची. आता बरेच शल्यचिकित्सक प्रत्येकाच्या झिजेप्रमाणे हे लक्ष्य कमी-जास्त करतात. जास्त सरळ केलं तर बाहेरची चांगली बाजू झिजू लागते, कमी केलं तर पहिल्यासारखंच होतं.

ही शस्त्रक्रिया सगळ्यांसाठी नाही, हेही तितकंच स्पष्ट सांगायला हवं. झीज एकाच बाजूला हवी. गुडघा बऱ्यापैकी वाकत आणि सरळ होत असायला हवा. ज्यांना आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, त्यांना ही सहसा करत नाहीत. धूम्रपान करणाऱ्यांचं हाड उशिरा भरतं. वय साधारण ६० ते ६५च्या आतलं असलं तर फायदा जास्त होतो. मावशीच्या वयाला आणि तिच्या दोन्ही बाजूंनी झिजलेल्या गुडघ्यांना सांधा बदलणं हेच योग्य होतं. आईच्या गुडघ्याला हे. दोघीही बरोबर होत्या, हे दोघींना पटायला दोन दिवाळ्या गेल्या.

डॉक्टरांनी आधी आईकडून सहा महिने मांडीच्या स्नायूंचे व्यायाम करून घेतले आणि वजन चार किलो कमी करायला लावलं. वजन जास्त असलेल्या गुडघ्याच्या रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं की एक किलो वजन घटलं की एकेका पावलाला गुडघ्यावरचा भार जवळपास चार किलोंनी घटतो. काही जणांचं एवढ्यावरच भागतं. आईचं दुखणं थोडं कमी झालं, पण गेलं नाही. मग तारीख ठरली.

घराने उचललेला भार

शस्त्रक्रियेआधीच्या आठवड्यात आईने २८ घरी फोन करून सांगितलं की तीन महिने डबा मिळणार नाही. दांडिया बाजारातल्या एका आजोबांनी विचारलं, "मग मी जेवू काय?" फोन ठेवल्यावर आई बराच वेळ गप्प होती. तिची काळजी गुडघ्याची नव्हतीच. तीन महिन्यांनी हे लोक परत येतील का, आणि आपण परत उभ्या राहू का, ही होती. शस्त्रक्रियेचे निम्मे पैसे तिच्या डब्यांच्या कमाईतून आले होते.

दुसऱ्या दिवशीच तिला वॉकर धरून उभं केलं. उजवं पाऊल जमिनीला फक्त टेकवायचं, वजन टाकायचं नाही. दोन आठवड्यांनी टाके निघाले. सहा आठवडे वॉकर, मग कुबड्या, आणि प्रत्येक टप्प्यावर एक्स-रे. वजन कधीपासून आणि किती टाकायचं, हे कापाच्या आणि प्लेटच्या प्रकारावर ठरतं. काही जणांना लवकर परवानगी मिळते. त्यामुळे शेजारणीच्या वेळापत्रकाशी आपली तुलना करू नये. आम्ही ती रोज करायचो आणि रोज फिजिओथेरपिस्ट आम्हाला गप्प करायची.

घरी तयारी आधीच केली होती. कमोडची उंची वाढवणारी खुर्ची, न्हाणीघरात पकडायला दांडा, वाटेतली पायपुसणी उचललेली, पलंग दाराजवळ. बाबा जे आयुष्यात चहापलीकडे गेले नव्हते, ते कुकरच्या शिट्ट्या मोजायला शिकले. भाऊ कॉलेजला जाण्याआधी फरशी पुसायचा. माझं काम लॅपटॉपवरचं असल्याने मी दिवसभर घरी होते. व्यायामाची वही माझ्याकडे. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. टाच पलंगावर दाबून मांडीचा स्नायू आवळायचा, दहा मोजायचे. पाय सरळ ठेवून उचलायचा. घोटा वरखाली हलवायचा, म्हणजे पोटरीत रक्त साकळत नाही.

धोके डॉक्टरांनी आधी सांगितले होते, ते तुम्हीही विचारून घ्या. जखमेत जंतुसंसर्ग, पोटरीत रक्ताची गुठळी, बिजागरीसारखं ठेवलेलं हाड मोडणं, फट भरायला उशीर लागणं. पोटरी अचानक सुजली, दुखली, गरम लागली किंवा धाप लागली तर सकाळची वाट न बघता रुग्णालयात जायचं, हे आम्ही फ्रिजवर लिहून चिकटवलं होतं.

पाय पहिल्यांदा नीट दिसला तो पट्ट्या निघाल्यावर. उजवा पाय काठीसारखा सरळ आणि डावा थोडा वाकलेला. आई म्हणाली, "हा माझा वाटतच नाही." चालायला लागल्यावर तिला उजवा पाय लांब झाल्यासारखा वाटायचा, जमीन तिरकी लागायची. आतून पाचर उघडली की पायाची लांबी काही मिलिमीटरने वाढू शकते, आणि सरळ झाल्यानेही तो लांब भासतो. बहुतेकांना काही महिन्यांत त्याची सवय होते. आईलाही झाली.

दुखत नाही, तरी डुलते

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी एक्स-रेत फट भरत आलेली दिसली. काठी सुटली. रात्रीचं ठसठसणं गेलं होतं. आम्ही पेढे आणले. आणि त्याच आठवड्यात आई घरात चालताना बघून आजी म्हणाली, "अगं, ही तर तश्शीच चालतेय."

खरंच होतं. पाय सरळ, दुखणं जवळपास नाही, आणि चाल तीच. उजवीकडे कलणारी, डुलणारी. आई ओट्याला टेकून म्हणाली, "एवढं हाड कापून घेतलं, पैसे घातले, गिऱ्हाइकं घालवली. दुखत नाहीये तर मी अशी का चालते?" तिला मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा रडताना पाहिलं.

जर तुमच्या घरी ही शस्त्रक्रिया होणार असेल, तर हा दिवस येऊ शकतो हे आधीच माहीत असू द्या. त्याचा अर्थ शस्त्रक्रिया फसली असा नाही. फिजिओथेरपिस्टने आईला जे समजावलं ते असं. सात वर्षं शरीर दुखणं चुकवत चाललं. मेंदूने तीच चाल खरी धरली. शल्यचिकित्सकाने हाडाची दिशा बदलली, पण मेंदूला त्याची खबर अजून पोचलेली नाही. त्यात मांडीचा पुढचा स्नायू आणि खुब्याच्या बाजूचा स्नायू शस्त्रक्रियेनंतर अशक्त झालेले असतात. खुब्याचा स्नायू अशक्त असला तर एका पायावर उभं राहताना कंबर सावरत नाही आणि धड झुकतंच. म्हणजे आधी झुकणं दुखण्यासाठी होतं, आता अशक्तपणामुळे आणि सवयीमुळे.

मग खरी शिकवणी सुरू झाली. कपाटाच्या मोठ्या आरशासमोर चालायचं. ती मुलगी गुजराती, तिचं एकच पालुपद होतं, "पहेलां एडी, पछी पंजो." आधी टाच, मग चवडा. आई पूर्ण तळवा एकदम आपटायची, त्यामुळे गुडघा ताठ राहायचा. टाच टेकली की गुडघा किंचित वाकायला हवा, धक्का झेलायला. मग दोन्ही पायांवर सारखा वेळ. उजव्यावरून ती घाईने उतरायची, गरम तव्यावरून पाय उचलावा तशी. त्यासाठी मोबाइलवर ठराविक ठेका लावून चालायचं. एका पायावर उभं राहून कंबर सरळ ठेवायची, आधी ओटा धरून, मग एका बोटाने, मग न धरता. कडेला सरकत चालायचं. बसून उठायचं, हात न टेकता.

दर पंधरा दिवसांनी मी तिचं पहिल्यासारखंच पुढून आणि मागून चित्रण करायचे. पाचव्या महिन्यात आम्ही पहिलं आणि नवं एकापाठोपाठ लावून पाहिलं. पाऊल टेकताना गुडघ्याला बसणारा तो बाहेरचा झटका दिसेना. तो स्नायूंनी नव्हे, हाड सरळ झाल्यामुळेच गेला होता. धडाचं झुकणं मात्र हळूहळू, आठवड्यागणिक कमी झालेलं दिसत होतं. ते आईने कमावलेलं होतं.

किती फरक पडतो

जगभर चालीच्या प्रयोगशाळांमध्ये या शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर माणसांना चालवून मोजमाप केलेलं आहे. अंगावर खुणा लावतात, भोवती कॅमेरे असतात, जमिनीत भार मोजणाऱ्या पट्ट्या असतात. त्यातून जे चित्र दिसतं ते असं. चालताना गुडघ्याच्या आतल्या बाजूला दाबणारा जोर शस्त्रक्रियेनंतर बराच कमी होतो, बऱ्याच अभ्यासांत एक तृतीयांश ते निम्म्याने. दुखणं कमी होतं. चालण्याचा वेग आणि पावलाची लांबी पहिल्या काही महिन्यांत उलट कमी होते, मग सहा महिने ते वर्षभरात सुधारते, आणि पुष्कळ जण आधीपेक्षा चांगलं चालतात. पण कधीच दुखणं नसलेल्या समवयस्कांसारखी हुबेहूब चाल सगळ्यांची होत नाही. मांडीचा स्नायू सगळ्यात उशिरा सावरतो आणि त्याचा व्यायाम सोडला की चाल पुन्हा बिघडते.

ही कायमची सोयही नव्हे. झिजलेली कूर्चा परत पहिल्यासारखी होत नाही. तिच्यावरचं ओझं हलकं होतं, म्हणून गुडघा आणखी वर्षं टिकतो. वेगवेगळ्या अभ्यासांचे आकडे वेगळे आहेत, पण नीट निवड झालेल्या रुग्णांपैकी दहा वर्षांनंतरही दहापैकी साधारण सात ते नऊ जणांना गुडघा बदलावा लागलेला नसतो. पुढे लागलाच तर तो बदलता येतो. ५३व्या वर्षी मिळालेली दहा-बारा वर्षं म्हणजे आईच्या हिशेबात तिच्या कामाची उरलेली सगळी वर्षं.

आज दोन वर्षं झाली. आई सकाळी कमाटीबागेत चाळीस मिनिटं चालते. जिना चढताना काही वाटत नाही, उतरताना ती अजून कठडा धरते. मांडी घालून बसता येतं, पण जेवणापुरतंच. सांधा स्वतःचा राहिल्याने काही जणांना हे जमतं, काहींना नाही; त्याची हमी कोणी देत नाही. नडगीच्या आतल्या बाजूला कातडी पातळ असते, तिथे प्लेट हाताला लागायची, थंडीत खुपायची. दीड वर्षाने ती काढली. डाव्या पायाची झीज अजून थोडीच आहे, व्यायामावर आहे.

डबे आता १६ आहेत. ते २८ करायचे नाहीत, हे तिने स्वतः ठरवलं. ओट्यापाशी उंच स्टूल आलंय, निम्म्या पोळ्या ती बसून लाटते. भाज्या चिरणं बाबांकडे गेलं ते परत आलेलं नाही. दांडिया बाजारातले आजोबा पहिल्याच दिवशी परत आले.

विचारायचे प्रश्न

तुमच्या घरात पन्नाशीचं कोणी कलून चालत असेल, पाय बाहेर वाकत चालले असतील, तर डॉक्टरांकडे जाताना एवढं नक्की विचारा. एक्स-रे उभ्याने काढला का? झीज एका बाजूला आहे की सगळीकडे? अख्ख्या पायाची रेघ कुठून जाते? व्यायाम आणि वजन कमी करून किती फरक पडेल आणि त्यासाठी किती महिने द्यायचे? सरळ करणं आणि बदलणं, यातलं या वयाला आणि या कामाला काय योग्य? आणि शस्त्रक्रिया झाल्यावर चाल कोण शिकवणार, किती दिवस? हा शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. शस्त्रक्रियेला दीड-दोन तास लागतात. चालीला वर्ष लागतं. पैसे आणि रजा ठरवताना त्या वर्षाचाही हिशेब धरा.

मागच्या आठवड्यात बागेत एक बाई बाकावर बसून गुडघा चोळत होत्या. आई त्यांच्यापाशी थांबली. मी पुढे गेले होते, मागे वळून पाहिलं तर आई त्यांना उठवून चार पावलं चालायला लावत होती आणि त्यांच्या मागे उभी राहून त्यांचे पाय निरखत होती. मग तिचा आवाज ऐकू आला, "अहो, बाम राहू द्या. आधी उभ्याने एक्स-रे काढून घ्या."